भुतांतली बारावी

मुख्तारभाईंची लेक राहत रविवारी आमच्या घरातली भुतं न्यायला येणार होती, आणि त्याच आठवड्यात मी दसरा काढायला घेतला. चूक इथंच झाली.

दसरा काढणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. घट बसायच्या आधी घरातली हरेक वस्तू बाहेर येते, धुतली जाते, उन्हात वाळते आणि परत जागेवर जाते. गोधड्या, सतरंज्या, डबे, डब्यांची झाकणं, देवघरातल्या घंटेची दोरीसुद्धा. त्या आठवड्यात बाईच्या हाताला एक वेग चढतो आणि धुता येत नाही असं काही तिला दिसतच नाही. एके साली मी रेडिओचं कातडी कव्हर धुतलं होतं. वाळल्यावर त्यात रेडिओ काही गेला नाही, साबणाची वडी गेली असती. तेव्हाच शहाणी व्हायला पाहिजे होतं.

रेडिओ काकासाहेबांचा. काकासाहेब म्हणजे माझे मालक. आमचा सगळा छावणी भाग त्यांना काकासाहेब म्हणतो, म्हणून मीही म्हणते. बावीस वर्षं ते इथल्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवत होते, पडद्यावर सिनेमा फेकणारं. माझंही मशीन आहे, शिवणाचं. बाहेरच्या खोलीत ते मांडून मी ब्लाउज, सलवारी, फॉल-पिको करते. टॉकीज बंद पडली, त्यांचं मशीन भंगारात गेलं, माझं अजून चालू आहे. हे मी त्यांना रोज ऐकवत नाही.

भुतं आतल्या खोलीत, काचेच्या कपाटात. बारा. वीतभर उंचीची, हातपाय हलणारी. जुन्या भीतीच्या सिनेमांतली भुतं परदेशात अशी बनवून विकतात आणि मोठी-मोठी माणसं ती हौसेनं जमवतात. त्यांना ॲक्शन फिगर म्हणतात. मी एकदा बाहुल्या म्हणाले तर काकासाहेब जेवता-जेवता थांबले.

"बाहुल्या खेळायच्या असत्यात. ह्या फिगर हायेत. ह्यांच्याशी कुणी खेळत नाय, ह्यांना जमवत्यात."

एरवी त्यांचा लाडाचा शब्द म्हणजे मंडळी. "आज मंडळींवर धूळ लई बसली," असं म्हणायचे. दुसरे नवरे बायकोला मंडळी म्हणतात. आमच्या घरात मंडळी म्हणजे मला धरून तेरा.

यातली खरीखुरी परदेशी फक्त पहिली. टॉकीजच्या मालकांचा मेहुणा दुबईहून आला तेव्हा त्यानं ती आणली होती. काळा कोट, खांद्यावर केप, ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा ओघळ. मालकीणबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून ती मशीनच्या खोलीत आली आणि तिथून खोक्यासकट आमच्याकडं. खोक्याच्या पाठीवर चार-चारच्या तीन रांगांत सगळ्या भुतांची चित्रं होती आणि खाली इंग्रजीत एक ओळ. ती मुख्तारभाईंनी वाचून दाखवली. बाराच्या बारा जमवा, असं लिहिलंय म्हणाले. दुकानदार असं लिहितातच. पण काकासाहेबांना आयुष्यात कुणी इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते मनावर घेतलं.

मुख्तारभाई म्हणजे त्याच टॉकीजचे पेंटर. वीस-वीस फुटांचे बोर्ड शिडीवर चढून रंगवायचे. हिरोचा एक डोळा रंगवला की खाली उतरायचे, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायचे, एक डोळा मिटून अंगठा पुढं धरायचे, मग परत शिडीवर. काकासाहेबांची आणि त्यांची दोस्ती शाळेपासूनची. बाकीच्या अकरा कुठून आणायच्या, दुबईला कोण जाणार, असं यांचं चालू होतं, तेव्हा तेच म्हणाले, "आणायच्या कायको? बनाते."

शहागंजातल्या घाऊक दुकानातून त्यांनी प्लास्टिकचे शिपाई आणले, बंदूकवाले. त्यांच्या बंदुका कापून काढल्या. भिंतीच्या भेगा बुजवायला पेंटर लोक लांबी भरतात, त्या लांबीनं कुणाला कुबड दिलं, कुणाला सुळे, कुणाला माशासारखे खवले. वरून बोर्डाचा ऑइलपेंट. कपडे मी शिवले. अंगभर पट्ट्या गुंडाळलेलं एक भूत होतं, त्याच्यासाठी जुन्या धोतराच्या चिंध्या चहाच्या पाण्यात बुडवून काढल्या. एक भूत व्हायला तीन-चार महिने लागायचे. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी एकच अट घातली, ह्यांची तोंडं देवाकडं नकोत. म्हणून कपाट तिरपं लावलं, आणि त्या गेल्यावरही ते तसंच राहिलं.

मुख्तारभाईंच्या हातची भुतं आमच्याकडं का, असं लोक विचारायचे. कारण साधं होतं. त्यांच्या वहिदाभाभींना घरात चेहऱ्याची चित्रं चालत नाहीत. जिथं तसबिरी तिथं फरिश्ते येत नाहीत, असं त्या मानतात आणि त्याप्रमाणं वागतात. कॅलेंडरसुद्धा नुसत्या तारखांचं. नवरा शहरभर वीस फुटी तोंडं रंगवून यायचा, आणि घरी आल्यावर भिंतीवर घड्याळ. त्यावरून दोघांची कधी कुरबूर ऐकली नाही. भाभी माझ्याकडं सलवार शिवायला यायच्या, मशीनजवळच्या स्टुलावर बसायच्या, चहा घ्यायच्या. आतल्या खोलीत वीस वर्षांत कधी आल्या नाहीत, आणि मीही बोलावलं नाही.

तर अकरा झाल्या. बारावीचा पेच पडला, कारण खोक्याचा नेमका तो कोपरा प्रवासात फाटलेला होता. बारावं भूत कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. काकासाहेब बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आपली बारावी राहिली बघा." गिरणीवाल्यानं एकदा माझं दळण मोजता-मोजता हळूच विचारलं, "वहिनी, साहेब ह्या वयात परीक्षेला बसतेत का?"

मधल्या काळात फ्लेक्स आले. बोर्ड गेले. मुख्तारभाई ट्रकांच्या मागं फुलं काढायला लागले, मग शटरवर नावं. मग फुप्फुसं गेली. टर्पेंटाइननं की विडीनं, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, दोन्हीनं. त्या शेवटच्या हिवाळ्यात ते आमच्या आतल्या खोलीत दुपारचे येऊन बसायचे, आणि तेव्हा त्यांनी बारावी केली.

"अकरा विलायती झाले, भाभी," मला म्हणाले. "एक अपनी डालते."

पांढऱ्या साडीतली बाई, हातात मेणबत्ती. आपल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांत धुक्यातून चालत येते ती. साडी मी मलमलची शिवली. तोंड रंगवायला त्यांनी दीड महिना घेतला, आणि ते झाल्यावर मला हात धरून कपाटापुढं नेलं. मी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्या वहिदाभाभी होत्या. विशीतल्या.

"कसम खाओ, उसको नक्को बोलते," मुख्तारभाई म्हणाले. "घर में तसबीर नै रखने देती, और खुद काकासाहेब के कपाट में भूत बनके खडी है. सुनी तो मेरे मय्यत को नै आएगी."

मी कसम घेतली. काकासाहेबांनीही घेतली. तोंड तेवढं त्यांनी पाण्याच्या रंगानं रंगवलं होतं. ऑइलपेंट चमकतो, आणि तोंड चमकलं की जिवंत वाटत नाही, म्हणाले. वरून वार्निशचा एक हात द्यायचा होता. तो राहिला. फेब्रुवारीत ते गेले.

याला सहा वर्षं झाली. राहत तेव्हा कॉलेजात होती. दवाखान्यात वडिलांनी तिला बारावीचं गुपित सांगितलं होतं, पण ती आमच्याकडं येऊन कपाटापुढं कधी उभी राहिली नाही. मी दाखवायला गेले की म्हणायची, "नंतर बघते, काकू." मीही जोर केला नाही. आता ती शाळेत गणित शिकवते. या उन्हाळ्यात तिनं स्वतःचं दोन खोल्यांचं घर केलं, आणि गणपती उठल्यावर फोन आला.

"काकू, आता माझं घर आहे. अकरा तुम्ही ठेवा. बारावी मला द्या."

"पाहिली तरी आहेस का?"

"नाही. आता बघणार. अम्मीचा तरुणपणीचा एक फोटो नाही आमच्याकडं. आहे तो आधारकार्डावरचा. त्यात ती अब्बांच्या सगळ्या भुतांपेक्षा भारी दिसते."

काकासाहेब हे ऐकून दोन दिवस कपाटापुढं खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी बाजारातून साड्यांचे रिकामे बॉक्स आणले, झाकणाला खिडकी कापून पारदर्शक प्लास्टिक लावलं. "न्यायच्या तर बाराच्या बारा ने म्हणाव," ते म्हणाले. "सेट तोडायचा नाय."

म्हणून मला वाटलं, मंडळी आपल्या घरून निघाली, तर चांगली न्हाऊन-माखून निघू दे.

बुधवारी सकाळी मी कोमट पाण्यात रिठे चुरगाळले, रेशमाला करते तसे. अकरा लख्ख निघाल्या. कुबडाच्या खाचेतली वीस वर्षांची धूळ गेली, खवले चमकायला लागले. केपवाल्याचं रक्त दुबईचं, ते काही हललं नाही. बारावीची साडी मी आधी उतरवून ठेवली. तिला पाण्यात धरलं आणि लेकराचा पुसतात तसा अंगठ्यानं गाल पुसला.

पाण्यात गव्हाळ रंग उतरला. मला वाटलं मळ आहे. दुसरा गाल पुसला. मग पाहिलं, तर एक भुवई शिल्लक होती. ती वाचवायची म्हणून मी घाईनं टॉवेलनं टिपली. तीही टॉवेलवर आली.

काकासाहेब आले तेव्हा मी मोरीजवळ तशीच बसले होते. त्यांनी तिला हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाणी कुठंय?"

"ओतलं."

"ओतलंस," ते म्हणाले, आणि पाटावर बसून मोरीच्या जाळीकडं पाहत राहिले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मग फोनमधले फोटो पाहिले. कपाटाचे चार होते. तीन नुसत्या केपवाल्याचे. चौथ्यात सगळी मंडळी, पण बारावीच्या तोंडावर नेमकी काचेतली ट्यूबलाइट. मोठं करून पाहिलं तर ट्यूबलाइट मोठी झाली.

संध्याकाळी त्यांनी तोड काढली. "बन्सीकडं जा. त्यो तोंडं काढतो."

बन्सी मूर्ती करतो. शहागंजाच्या मागं त्याचं शेड आहे. घट आठवड्यावर आलेले, शेडमध्ये देवीच्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या, सगळ्यांना हात-पाय-दागिने झालेले आणि डोळे राहिलेले. मी बारावी रुमालातून काढून त्याच्या हातात दिली. म्हणाले, तरुण बाईचं तोंड पाहिजे, साधं, आपल्या शेजारपाजारच्या बाईचं असतं तसं. त्यानं मान डोलावली, बारीक कुंचला घेतला आणि माझा चहा संपायच्या आत ती परत दिली.

लांब कानापर्यंतचे डोळे. कमळाच्या पाकळीसारखे ओठ. कपाळभर मळवट.

"बन्सी, अरे हे भूत आहे."

"असंल," तो म्हणाला. "मावशी, मला दोनच तोंडं येत्यात. एक देवीचं, एक गणपतीचं. सोंड लावू का?"

मळवट तेवढा मी त्याच्याकडून पुसून घेतला. रिक्षात मांडीवर घेऊन पाहत होते. खोटं कशाला बोलू, सुंदर होती. घरी काकासाहेबांना दाखवली.

"झकास झालंय की."

"ह्या वहिदाभाभी आहेत?"

"राहतनं कुठं पाहिल्यात तरुणपणी? आन् ही बी तिनं कधी पाहिली नाय. तुला ठावं, मला ठावं. आपण काय बोलणार हाये का?"

त्यांचं खरं होतं. हिशेब बरोबर बसत होता. कुणाला कधी कळलं नसतं. मी बारावीला साडी नेसवली, बॉक्समध्ये ठेवली, झाकण लावलं. गुरुवारी त्या बॉक्सकडं पाहिलं नाही. शुक्रवारी ब्लाउजची उलटी बाही लावली. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर झाकण उघडलं.

मला राहत दिसत होती. ती मुलगी हे तोंड रोज पाहणार. आरशात पाहणार, मग हिच्याकडं पाहणार आणि नाक जुळतंय का शोधणार. शोधणाऱ्याला सापडतंच. पुढं कधी आपल्या लेकीला दाखवेल, हे बघ, तुझ्या नानीचं नाक. आणि ते नाक बन्सीनं दर नवरात्रात शंभर मूर्तींना लावलेलं असणार.

फडकं ओलं केलं. देवीचं तोंड होतं, म्हणून आधी हात जोडले. मग पुसलं. या खेपेला एकसुद्धा भुवई मागं ठेवली नाही.

"आता काय करणार?" काकासाहेब दारातून म्हणाले.

"सांगणार."

"मुख्तारला कसम दिलीय."

"भाभींना सांगायची नाही, अशी दिलीय. राहतला सांगते. ती एकटीच यायचीय."

रविवारी अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. राहत उतरली, दोन्ही हातांत रिकामी खोकी. आणि तिच्या मागून, रिक्षावाल्याला थांब म्हणत, वहिदाभाभी.

"भाभी, तुम्ही कशा काय?"

"कायको? मेरेको मना है क्या? लडकी अकेली बारा-बारा भूत लेके जाती. बोली, मैं साथ बैठती रिक्षा में." त्या आपल्या स्टुलावर बसल्या आणि गुडघे चोळायला लागल्या. "आवडाबाई, तुमारी पायरी उंची हुई क्या मैं बुड्ढी हुई?"

"राहत, जरा आत ये गं," मी म्हणाले. "चहाला हात लाव."

"चहा नको काकू, रिक्षा थांबलीय. आधी ती दाखवा."

ती आतल्या खोलीत गेलीच. काकासाहेबांनी टेबलावर बॉक्स ओळीनं मांडून ठेवले होते. तिनं एकाही भुताकडं पाहिलं नाही, सरळ शेवटचा बॉक्स उचलला, झाकण काढलं आणि पांढरी साडी दोन बोटांनी बाजूला केली. मी दाराला टेकून उभी होते. शाळेतल्या बाईंपुढं उभं राहावं तशी.

"काकू, हिचं तोंड?"

"मी धुतलं," मी म्हणाले. "दसरा काढताना. रंग कच्चा होता. मला माहीत होतं, माझ्या डोक्यातून गेलं. बन्सीकडून दुसरं काढून आणलं होतं, ते काल पुसून टाकलं. ते चांगलं होतं, पण तुझ्या अम्मीचं नव्हतं."

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"क्या मेरा नै था?"

भाभी दारात उभ्या होत्या. मी बाजूला झाले. त्या आत आल्या. काकासाहेब खाकरले. "काय नाय भाभी, ह्या बायांचं काहीतरी चाललंय—"

"मैं कौन है फिर, काकासाहेब? मैं बी बाईच है. बैठो आप."

काकासाहेब बसले.

राहतनं सांगितलं. तिचा आवाज फुटत होता आणि ती तो शिक्षिकेसारखा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होती. "अब्बाने इस पे तुमारा चेहरा बनाया था, अम्मी. तुमारी शादी के टाइम का. तुमको बोलने का नै, बोले थे. मैं वोच लेने को आई थी. अब वो नै है."

वहिदाभाभींनी हात पुढं केला. राहतनं बारावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, साडीच्या निऱ्या चाचपल्या, मग ते कोरं, अंड्यासारखं गुळगुळीत तोंड बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं आता मुख्तारभाईंना शिव्या बसणार, आणि त्यांच्याबरोबर मला.

"वो आखरी ठंडी में," त्या म्हणाल्या, "मैं रोटी डालती तो सामने बैठते थे. एक आँख मीच के. अंगूठा ऐसा पकड के. मैं बोली, क्या देखते, मैं मर गई क्या? तो हँसते. खाँसते और हँसते. मैं समझी दवाई का असर है." त्यांनी बारावीच्या हातातली मेणबत्ती सरळ केली. "बाद में मैं जाके आईना देखी. बोली, मेरे मुँह को क्या हुआ."

रिक्षावाल्यानं बाहेरून हॉर्न वाजवला. काकासाहेब उठून त्याला सांगून आले. बरं झालं, त्यांना काहीतरी काम मिळालं.

भाभींनी ओढणीच्या टोकानं बारावीच्या डोक्यावरची रिठ्याची चिकटलेली साल काढली. मग म्हणाल्या, "इसको अब मुँह नै. मुँह नै तो तसबीर नै. ये मेरे घर में रह सकती."

"अम्मी, ती मला पाहिजे होती," राहत म्हणाली. रागावली की ती मराठीवर येते, तिच्या शाळेतल्या पोरांना हे माहीत असणार.

"तेरेको मुँह होना था, बेटा. वो गया. ये जो बची, वो मेरी."

"भाभी, सेट तुटतोय," काकासाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. इतकी वर्षं त्यांना मी ओळखते, हे बोलायला त्यांना किती धीर लागला असेल ते मला कळलं.

"टूटने दो. आपके पास छे साल रही ना? अब थोडे दिन मैं रखती." मग माझ्याकडं वळून, "आवडाबाई, पल्लू सर पे टाँक दो. गिरना नै ऐसा."

मी मशीनवर बसले नाही, हातानंच टाके घातले. कोऱ्या कपाळावर पदर आणला आणि कानाच्या जागी दोन्हीकडून बारीक टीप दिली. भाभी शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. राहत आत अकरा बॉक्स खोक्यांत रचत होती. एकही आपटला नाही, पण प्रत्येक ठेवल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

निघताना ती पायरीवर थांबली. "मी फोनवर काय म्हणाले होते, काकू? अकरा तुम्ही ठेवा, एक मला द्या."

"हो."

"बरोबर उलटं झालं."

"हो," मी म्हणाले. माफ कर म्हणायचं मी आठवडाभर घोकलं होतं, पण तिच्या तोंडाकडं पाहून ते म्हटलं नाही. माफी मागितली की समोरच्याला द्यावी लागते, आणि तिच्याकडं तेव्हा द्यायला काही नव्हतं.

रिक्षा गेली. काकासाहेबांनी कपाटाची काच पुसली आणि रिकामं कपाट सरळ भिंतीला लावलं.

घट बसले, उठले, दसरा झाला. राहतचा फोन नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी साडीला फॉल लावत होते, तेव्हा आला.

"काकू, एक विचारायचं होतं. भुवया जाड होत्या की बारीक?"

मी सुई कापडात टोचून ठेवली. "जाड. डावी जरा वर चढलेली. कुणी थाप मारतंय असं वाटलं की तुझी अम्मी करते ना, तशी."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी परत. "रागावलेली होती का?"

"नाही गं. स्वयंपाक करून वाढल्यावर, मीठ बरोबर पडलंय का, असं विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्या बाईचं तोंड असतं ना, तसं होतं."

या वेळी फोन लगेच ठेवला नाही. मागं तिच्या शाळेची घंटा वाजली, तरी ती होती.

मग दर चार-पाच दिवसांनी एकेक प्रश्न. दात दिसत होते का. केस मधोमध की बाजूला. हनुवटीवरचा तीळ अब्बांनी काढला होता का. मी सांगायची. एकदा मी सांगितलेलं तिनं अम्मीला सांगितलं, तर भाभींचाच मला फोन, "आवडाबाई, मेरा नाक ऐसा कब था? तुम चष्मा बदलो." त्यावरून आमचं पंधरा मिनिटं भांडण झालं. वहिदाभाभींचं म्हणणं, त्यांचं नाक सरळ होतं. माझं म्हणणं, मुख्तारभाईंनी शेंड्याला जरा गोल काढलं होतं, आणि दीड महिना पाहणाऱ्या माणसाला जास्त माहीत. यावर त्या म्हणाल्या, "हौ. गोल होगा."

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आता सांगता-सांगता ते तोंड माझ्याच हातून सुटायला लागलं होतं. हनुवटी सांगायला जावं तर आत्ताच्या भाभींची हनुवटी समोर यायची. डोळे आठवायला जावं तर बन्सीचे लांब डोळे मध्येच यायचे, ते मी झटकून टाकायची. जे नक्की आठवतंय तेवढंच सांगायचं, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

परवा राहतनं विचारलं, "काकू, ती कुठं बघत होती? मेणबत्तीकडं की समोर?"

मी डोळे मिटले. साडी दिसली, हात दिसला, मेणबत्तीच्या टोकावरचा पिवळा ठिपका दिसला. वर जाऊन काही दिसेना. समोर, असं म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं.

"ते मला आठवत नाही, राहत," मी म्हणाले.

तिकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "मग जे आठवतं ते परत सांगा."

मी भुवयांपासून सुरू केलं.